चालकाचा हेतू

संग्रामला थांबायचं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या अपघातानंतर मी हे एकच वाक्य ज्याला त्याला सांगत सुटले होते आणि समोरचा माणूस दर वेळी पडद्यावरची नोंद माझ्या नाकासमोर धरत होता. नवऱ्याच्या मनात काय होतं ते बायकोला कळत नाही, खुद्द नवऱ्याला कळत नाही, आणि गाडीला मात्र कळतं म्हणे. असल्या बोलण्याला आमच्या कोल्हापुरात जो शब्द आहे तो छापायच्या लायकीचा नाही.

मी वैजयंता इंगवले. कागलच्या रस्त्याला मी आणि माझा नवरा संग्राम मोटरसायकलची शाळा चालवतो. साधी गाडी शिकायला आमच्याकडे कुणी येत नाही. मोठ्या ताकदीच्या गाड्यांवर माणसं धडाधड मरायला लागली, तेव्हा सरकारनं त्या गाड्यांसाठी वेगळा बिल्ला काढला. ज्यांचा हात वर्षानुवर्षं गाडीवर बसलेला आहे त्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची, मग बिल्ला, मग गाडी. त्या परीक्षेची तयारी आम्ही करून घेतो. लग्नाआधी आम्ही दोघं एकमेकांशी शर्यती लावायचो आणि मी जिंकायचे. संग्राम म्हणतो तो जिंकायचा. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात नावानं हाक मारते, आणि गाडीवर असताना आम्ही एकमेकांना जे म्हणतो ते हेल्मेटच्या आत राहिलेलंच बरं.

बिल्लेवाल्यांसाठी शार्दूल कंपनीनं 'वणवा' काढली आणि आम्ही दोघं खुळावलो. वणवा ही नेकेड गाडी. म्हणजे पुढे काच नाही, अंगावर प्लास्टिकची झूल नाही, मोटर, बॅटरी, सांगाडा सगळं उघडं. काच नसल्यामुळे वारा थेट छातीवर येतो आणि वेग वाढला की माणूस मागे ओढला जातो. अशा वेळी मुठीला लोंबकळलात तर संपलात. मांड्यांनी गाडी आवळायची, कंबर घट्ट ठेवायची आणि हात हलके ठेवायचे, हे अंगात मुरायलाच अर्धं आयुष्य जातं. त्यात विजेची मोटर. मूठ पिळली की ताकद चढत चढत येत नाही, आहे तेवढी एकदम येते. पहिल्यांदा मूठ पिळली तेव्हा माझं पोट मागच्या चौकातच राहिलं आणि मी हेल्मेटमध्ये एकटीच खदखदून हसले.

पण वणवाची खरी गंमत तिच्या मुठींत होती. मेंदूनं हाताला हुकूम सोडला की आधी स्नायूत बारीकशी वीज उठते आणि मग हात हलतो. या दोन्हींच्या मध्ये जो वेळ जातो तो पापणी लवण्याहून कमी. पण गाडी भरधाव असेल तर तेवढ्यात ती एक अख्खी मोटार मावेल एवढी पुढे गेलेली असते. वणवाच्या मुठींत आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या जॅकेटच्या बाह्यांत ही वीज ओळखणारे तंतू विणलेले होते. गाडी हुकूम वाचायची आणि हात हलायच्या आत कामाला लागायची. ब्रेक दाबायचं मनात आलं की बोटं पोचेपर्यंत ब्रेक लागायला सुरुवात झालेली असायची.

याला कंपनीनं नाव दिलं होतं हेतूवाचन. ते अनुभवी लोकांवरच का चालतं, हे आमच्या लेकीनं, शर्वरीनं मला समजावलं होतं. ती शार्दूलमध्येच हेतूवाचनाच्या विभागात इंजिनीयर आहे. ती म्हणाली की नवशिक्याचा हात एका वेळी दहा गोष्टी बोलतो, त्यातली खरी कुठली ते यंत्राला कळत नाही. मुरलेला हात एकच गोष्ट बोलतो. म्हणून कंपनीनं इथल्याच मुरलेल्या चालकांना महिनोन्‌महिने गाड्या दिल्या आणि त्यांचे हात यंत्राला वाचायला शिकवले. त्या चालकांत मीही होते. संग्राम नव्हता, त्याचा तेव्हा कंपनीच्या माणसांशी कशावरून तरी खटका उडाला होता.

गाडी नुसतं वाचायची नाही, वाचलेलं लिहूनही ठेवायची. चालकाचा हेतू: वेग घेणे. चालकाचा हेतू: डावीकडे वळणे. विमेवाल्यांना हे फार आवडलं. मग परिवहन खात्यानं ते पुरावा म्हणून धरलं. मग ते गाडीपुरतं राहिलंच नाही, मुठी आणि बटणं असलेल्या प्रत्येक यंत्रात घुसलं. आमच्या शेजारच्या गावात बांध कोरला म्हणून दोन चुलतभावांची जुंपली, तर कोर्टात ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची नोंद आली. चालकाचा हेतू: बांध ओलांडणे. तो बिचारा शपथेवर सांगत होता की बैल आडवा आला म्हणून मी वळवला. पण त्याचं कोण ऐकतो? मीही तेव्हा हसलेच होते.

मग संग्राम पडला.

शिरवंडे घाटातून तो कोकणात उतरत होता. उतारावरच्या उजव्या वळणात गाडी पूर्ण कललेली असताना मोटरची ताकद अचानक तुटली आणि मागच्या चाकाला करकचून ब्रेक लागला. आता टायरची पकड ही ताटात वाढलेल्या एका भाकरीसारखी असते. वळणानं जवळजवळ सगळी खाल्लेली असते, उरलेल्या कोरेवर ब्रेकचं पोट भरत नाही. मागचं चाक सटकलं, गाडी आडवी झाली आणि संग्राम घसरत जाऊन कठड्यावर आदळला. पाय दोन ठिकाणी मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला तो जॅकेटमुळे, हे कंपनीला मी आजही कबूल करते.

नोंद निघाली ती अशी. चालकाचा हेतू: थांबणे.

म्हणजे गाडीचं म्हणणं असं, की इतकी वर्षं लोकांना वळणात ब्रेक दाबू नका म्हणून ओरडणारा माणूस भर वळणात थांबायला निघाला होता. संग्राम दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याला वळणाआधीचं आठवत होतं, कठड्यानंतरचं आठवत होतं, मधलं काहीच आठवत नव्हतं. आणि शर्वरी पलंगाशेजारी बसून रडत रडत त्याला सांगत होती, "पप्पा, गाडीनं केलं ते तुमच्या हातानं सांगितलं म्हणूनच केलं. मी स्वतः नोंद तपासलीय." अहवालाखाली तिचीच सही होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पोरगी तरी काय करणार? बापाला वाचवायला खोटं लिहिणारी पोरगी आम्ही वाढवलेली नाही.

परिवहन खात्याच्या चौकशी समितीपुढे सुनावणी झाली. समितीच्या प्रमुख पाटणकरबाई म्हणून होत्या, नीट वागणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीकडून बर्वे साहेब आले होते. ते म्हणाले की हेतू नोंदलेलाच आहे, तेव्हा चालकाला विचारण्याची तशी गरज नाही. पाटणकरबाईंनी तरी विचारलं. वळणात तुम्हाला थांबायचं होतं का? संग्राम समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. मी मागच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. बोल ना रे, मी मनात म्हणत होते.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बिल्ला रद्द करण्याची शिफारस झाली. शेवटचा निकाल लागेपर्यंत हरकत घ्यायला सवड होती, तेवढीच काय ती.

खरं सांगते, बिल्ल्याचं मला एवढं लागलं नाही. हाडांचंही नाही, हाडं जुळतात. घरी आल्यावर जे सुरू झालं त्यानं मी खचले. चहा घेणार का म्हणून विचारलं की तो स्वतःच्या हाताकडे बघायचा. भात वाढू का भाकरी, तर बघ तुला काय वाटतं ते. टीव्ही लावायला उठायचा आणि मध्येच उभा राहायचा. ज्या माणसानं मला पहिल्या भेटीत, तुझी चेन सैल आहे आणि तू माझ्याशी लग्न कर, असं एका दमात सांगितलं होतं, त्याला आपल्याला चहा हवाय की नको हे ठरवता येईना. शाळेत येऊन बसायचा, पण शिकवायचा नाही. एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "वैजू, भ्यालो असेन गं मी. मला कळायच्या आधी गाडीला कळलं असेल."

मी म्हटलं, आता हे निस्तरल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी जुनी पेट्रोलची गाडी काढली आणि घाटात गेले. ते वळण उतरताना पाहिलं, चढताना पाहिलं, पायी फिरून पाहिलं. रस्ता चांगला होता, खडी नाही, तेल नाही. वळणाखाली एक चहाची टपरी आहे. तिथे अपघाताचा विषय काढला तर टपरीवाली म्हणाली की मालवणकडून मासळी घेऊन येणारा एक टेम्पोवाला त्या गाडीवाल्याचा पत्ता विचारत असतो, त्याला म्हणे आभार मानायचेत. आभार कसले, ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिथेच ठिय्या मारला. जेवणवेळेला टेम्पोवाला आला. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आधी बर्फातली मासळी काढून माझ्या हातात कोंबली आणि मग सांगितलं. तो घाट चढत होता. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं डावा हात काढून, तळवा खाली करून, हळू हळू अशी खूण केली. त्यानं टेम्पोचा ब्रेक जागीच दाबला. दुसऱ्याच क्षणी गाडीवाला पडला. लोकांनी त्याला उचलून नेल्यावर टेम्पोवाला जपून पुढे गेला, तर वरच्या वळणाआड उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या. त्या वेगात तो त्यांच्यावर गेला असता तर दरीत गेला असता.

मी टपरीच्या बाकावर बसले आणि रडले. भ्याला नव्हता माझा नवरा. दुसऱ्याला सावध करत होता.

घरी येऊन सांगितलं तर संग्रामनं मान हलवली आणि असेल म्हणाला. टेम्पोवाला काय, चांगलंच बोलणार. त्याच्या आठवणीत काही नव्हतं आणि पडद्यावर मात्र अक्षरं होती. शर्वरी मात्र ताडकन उठली. डावा हात सोडला होता हे नोंदीत दिसत होतं, पण तो पडताना सुटला असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ताकद उजव्या मुठीत असते. डावा हात सुटला म्हणून गाडी थांबण्याचा हुकूम का वाचेल, हे तिला कळेना.

बर्वे साहेबांनी आम्हाला कंपनीच्या ट्रॅकवर बोलावलं, हे त्यांचं सौजन्य. वणवावर बसून मी वळणात डावा हात सोडून दाखवला. काही झालं नाही. पुन्हा सोडला, पुन्हा काही नाही. सकाळभर मी त्या ट्रॅकवर घिरट्या घातल्या, हात खाली केला, वर केला, बाजूला केला, आणि गाडी तेल घातल्यासारखी गुळगुळीत चालत राहिली. बर्वे साहेबांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले की त्यांना माझ्या भावना समजतात. मला भावना समजून घ्यायच्या नव्हत्या, मला गाडी चुकलेली बघायची होती.

शर्वरी माझ्याशी काही न बोलता कामावर गेली आणि चार दिवस घरी फिरकली नाही. आली ती भर दुपारी, जिना धडधडत चढत. तिनं यंत्राला ज्यावर शिकवलं होतं त्या सगळ्या जुन्या फेऱ्या उकरून काढल्या होत्या. कारखाना इथला, चालक इथले, म्हणून बहुतेक सगळ्या फेऱ्या शिरवंडे घाटातल्या. आणि प्रत्येक फेरीत, अगदी प्रत्येक चालकाच्या, एकाच जागी डावा हात सुटत होता, पाठोपाठ वेग उतरत होता, आणि कित्येकदा गाडी चक्क थांबत होती.

"आई, वरच्या वळणाच्या पुढे, सरळ पट्टा लागतो तिथं काय आहे?"

मी म्हटलं, "अगं, घाटजाई."

घाटजाईचं देऊळ म्हणजे चार पत्रे आणि शेंदूर लावलेली शिळा. पण घाट चढणारा-उतरणारा माणूस, ट्रकवाला असो की एसटीवाला, तिच्यासमोरून हात छातीला लावल्याशिवाय पुढे जात नाही. दुचाकीवाला डावा हात मुठीवरून काढतो, छातीला लावतो, कपाळाला लावतो. वेग आपोआप उतरतो. ज्याला सवड असेल तो थांबून अगरबत्ती लावतो. मीही लावते. माझ्या लक्षातही येत नाही की मी हात काढला, चपला दारात काढतो तसंच ते. देवावर माझा फार विश्वास आहे असंही नाही, पण तिथं हात उठतो.

यंत्र शिकवणारे इंजिनीयर काचेच्या खोलीत बसलेले. त्यांना पडद्यावर फक्त रेघा दिसल्या. डावा हात असा आपसूक सुटला की चालकाला थांबायचं असतं, एवढं यंत्र त्यातून शिकलं. ट्रॅकवर मी मुद्दाम हात सोडत होते तेव्हा माझा खांदा आधीच ताठ होत होता, उजवा हात सावध होत होता, आणि यंत्राला तो वेगळा हात दिसत होता. ठरवून केलेली खूण त्याला कळत होती. न कळत झालेली खूण त्यानं घाटजाईच्या खात्यात घातली होती. सरळ रस्त्यावर त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. भर वळणात हात कोण सोडतो? पण शर्वरीनं शोधलं तर राज्यात आणखी तिघं असेच पडले होते, आणि तिघांच्याही नोंदी थांबणे म्हणून मिटवून टाकल्या होत्या. त्यातल्या एकानं तर गाडी विकून टाकली होती.

शर्वरीनं आपल्या जुन्या अहवालाविरुद्ध स्वतःच्या सहीनं नवा अहवाल लिहिला आणि बर्वे साहेबांच्या टेबलावर ठेवला. नोकरी जाईल का म्हणून मी विचारलं. गेली तर तुमच्या शाळेत झाडू मारीन, म्हणाली. बर्वे साहेब तसे वाईट नाहीत, त्यांनी तो वाचला. पण म्हणाले की हा तर्क झाला, घडताना दाखवा. पाटणकरबाईही तेच म्हणाल्या. शेवटच्या निकालाआधी त्या स्वतः घाटात यायला तयार होत्या.

आता पंचाईत अशी की जी गोष्ट न कळत व्हायला हवी ती ठरवून कशी करायची? मी म्हटलं, करते मी. थकेपर्यंत चालवते, कधी तरी हात आपोआप उठेल. शर्वरी भडकली. पप्पा कसे पडले ते बघितलंयस ना, म्हणाली. मी तिला सांगितलं, "त्याला माहीत नव्हतं पडणार आहे ते. मला माहीत आहे, एवढा फायदा पुष्कळ झाला."  संग्रामला काय वाटतं ते त्यालाच ठरवता येत नव्हतं, मग मला काय सांगणार.

ठरल्या दिवशी सकाळी पोलिसांनी घाट दोन्ही बाजूंनी बंद केला. कठड्याला लागून भुशाची पोती रचली. पाटणकरबाई वळणाच्या आतल्या बाजूला छत्रीखाली बसल्या, त्यांच्यासमोर पडदा, त्यावर माझा एकेक हेतू उमटत होता. बर्वे साहेब उभे, शर्वरी उभी. संग्राम कुबड्या घेऊन मोटारीत बसून राहिला. बघायचं नाही म्हणाला.

मी उतरले, चढले, उतरले, चढले. प्रत्येक वेळी वळणात गाडी पूर्ण कलवत होते. घाटजाईसमोरून जाताना पहिल्यांदा हात उठला तो सगळं लक्षात ठेवून उठला आणि मला माझाच राग आला. पुढच्या फेऱ्यांना तो आपसूक उठायला लागला आणि गाडीनं तिथे वेग उतरवला, अगदी शर्वरीनं सांगितलं होतं तसाच. पण ते सरळ रस्त्यावर. बर्वे साहेब म्हणाले की चालकाला नमस्कार करायचा होता, गाडीनं मदत केली, यात चूक कुठे आहे? बरोबरच होतं त्यांचं. वळणात मात्र माझा हात मुठीला चिकटून राही. इतकी वर्षं शिकवलेलं अंग, ते भर वळणात हात सोडत नव्हतं. ऊन चढलं. पाठ भरून आली. पाटणकरबाईंनी घड्याळ बघितलं. शर्वरी मला हातवारे करून बस झालं म्हणत होती. मी मान हलवली आणि पुन्हा वर गेले. संध्याकाळ होऊ दे, उद्या होऊ दे, मी हटणार नव्हते.

खाली वळले, गाडी कलवली, वळण उलगडलं आणि समोर संग्राम.

कधी मोटारीतून उतरला कोण जाणे. कुबड्या टेकत रस्ता ओलांडून, पोती संपतात तिथे, कठड्याला लागून उभा होता. माझी गाडी घसरली तर थेट त्याच्यावर जाईल अशा जागी. मला बघायला आला होता येडा. माझ्या तोंडून हेल्मेटमध्ये त्याच्या सात पिढ्या निघाल्या आणि मी त्याला म्हटलं, मागे हो.

हातानं म्हटलं. डाव्या हातानं. ते मला नंतर कळलं.

मोटर मेली. मागचं चाक जागच्या जागी धरल्यासारखं झालं आणि माझ्याखालून निघून गेलं. मी आडवी झाले, खांदा रस्त्याला लागला, आभाळ आणि झाडं एकमेकांत मिसळली, आणि मी गाडीच्या मागोमाग घसरत पोत्यांत जाऊन घुसले. भुसा उडून हेल्मेटवर बसला. काही वेळ काही दिसेना. मग हात हलवले, पाय हलवले, सगळं जागेवर होतं. संग्राम कुबड्या टाकून लंगडत पळत आला आणि माझ्यासमोर मटकन बसला. त्यानं माझं हेल्मेट काढलं. लागलं का, लागलं का, एवढंच म्हणत होता. मी म्हटलं लागलं, आणि तू तिथे कशाला कडमडलास? तो म्हणाला, "मला बघायचं होतं तुला."

शर्वरी पडदा घेऊनच धावत आली. मागून पाटणकरबाई आणि बर्वे साहेब. पडद्यावर ठळक अक्षरं होती. चालकाचा हेतू: थांबणे. बर्वे साहेबांनी ती वाचली, रस्त्यावरची घसरण बघितली, संग्राम जिथं उभा होता ती जागा बघितली. त्यांचा चेहरा पार उतरला. 

पाटणकरबाई रस्त्यावरच माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. कागद गुडघ्यावर ठेवला. "बाई, वळणात तुम्हाला थांबायचं होतं का?"

माझं उत्तर जिभेवर होतं. सकाळपासून होतं, किती महिन्यांपासून होतं. पण मी ते गिळलं.

"मला नंतर विचारा," मी म्हटलं. "आधी यांना विचारा. त्या दिवसाचं."

पाटणकरबाई संग्रामकडे वळल्या आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सुनावणीत विचारला होता तसाच, शांतपणे. शर्वरीनं पडदा त्याच्यासमोर धरलेला होता. तो तिनं खाली केला. संग्राम भुशात बसलेला, माझं हेल्मेट त्याच्या मांडीवर. त्यानं हाताकडे बघितलं नाही. पडद्याकडेही नाही.

"नाही," तो म्हणाला. "मला थांबायचं नव्हतं. मला खाली उतरून बांगडे खायचे होते."

पाटणकरबाईंनी बांगड्यांसकट सगळं लिहून घेतलं.